दुप्पट पापडांचं वर्ष

नलू मुंबईहून परत आली आणि आठ दिवसांच्या आत आमच्या अंगणात बकरी बांधली गेली. आमच्या घरात कधी कुणी बकरी पाळली नव्हती. भाऊ, म्हणजे आमचे वडील, केळी पिकवणारे. त्यांच्या लेखी बकरी म्हणजे बागेची जन्माची वैरीण. कुणाची बकरी बांधावर नुसती दिसली तरी ते हातातलं काम टाकून तिच्या मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. तेच भाऊ पहूरला मामांकडे गेले आणि एक काळी-पांढरी बकरी पायांशी दाबून एस.टी.तून नशिराबादला घेऊन आले. कंडक्टरने तिचंही अर्धं तिकीट फाडलं, हे त्यांनी पुढे वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. बकरी आली याला कारण एवढंच, की आदल्या संध्याकाळी नलू बाजेवर पडल्या पडल्या म्हणाली होती, "भाऊ, मले बकरी पाह्यजे."

नलू तेव्हा नऊ वर्षांची, मी तेरा. तिला रक्ताचा कॅन्सर झाला होता. सहा-सात महिने आई तिला घेऊन मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात राहिली, आणि फाल्गुन लागताना दोघी परत आल्या. नलूच्या डोक्यावर केस नव्हते, लोकरीची तांबडी टोपी होती, आणि ती उन्हातही टोपी काढत नसे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता औषधांनी आजार हटायचा नाही, घरी न्या, आनंदात ठेवा. हे मला कुणी सांगितलं नाही. आई ओसरीवर बसून शेजारच्या सिंधूकाकूंना सांगत होती आणि मी दाराआड उभी होते. त्या वर्षी मला जे जे कळलं ते दाराआडूनच कळलं. एक कान दाराच्या फटीला लावून उभं राहण्यात मी इतकी तरबेज झाले होते की दुधाला उतू जायची वेळ झाली तरी माझा पाय हलत नसे.

मग घरात कायदे झाले. नलूला रागवायचं नाही. मागेल ते द्यायचं. आणि तिला काही म्हणजे काही कळू द्यायचं नाही. नलू मुळातच वस्ताद. तिने दोन दिवसांत ओळखलं की वारं फिरलंय, आणि मग ती एकेक खुंटा हलवून बघायला लागली. सकाळी सकाळी झणझणीत शेवभाजी मागितली, मिळाली. शेवभाजी समोर आल्यावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत मागितलं; आईने चूल पुन्हा पेटवली, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, हिरव्या मिरच्या ठेचल्या, आणि नलूने दोन घास खाऊन ताट बाजूला सारलं. एरवी असं कुणी केलं असतं तर आईने त्याच्या पाठीत धपाटा घालून ताट चाटूनपुसून साफ करायला लावलं असतं. आई म्हणाली, "राहू दे माय, नको खाऊ." नलू तिच्याकडे जरा वेळ बघत राहिली. तिचं ते बघणं मला आज नीट कळतं. तेव्हा मला फक्त ते उरलेलं भरीत दिसत होतं, आणि ते मी खाल्लं.

खोटं कशाला लिहू, मला नलूचा हेवा वाटायचा. आता या वयात त्याची लाज वाटायला हवी, पण वाटत नाही; तेरा वर्षांच्या पोरीला जे वाटायचं ते वाटलं. भेटायला येणारा प्रत्येक जण मोसंबी आणि बिस्किटांचे पुडे तिच्यासाठी आणायचा. माझ्या वाट्याला मोसंबीची सालं. येणारे उंबऱ्यापर्यंत हसत यायचे, टोपी दिसली की गप्प व्हायचे, आणि जाताना आईच्या गळ्यात पडून रडायचे. ते गेले की नलू चादरीचा पदर करून त्यांची हुबेहूब नक्कल करायची. "कशी सोन्यासारखी पोर व्हती वं," असं म्हणून नाक ओढायची. "होती" का म्हणतात, असं तिने एकदाही विचारलं नाही. आम्हाला वाटायचं, पोर लहान आहे, तिच्या ध्यानात येत नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. आमच्या घरात त्या वर्षी सगळी मोठी माणसं डोळे मिटून बसली होती आणि ते लहान मांजर टक्क उघड्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होतं.

मथुरा सिस्टर आमच्याकडे यायला लागल्या त्या मुंबईच्या डॉक्टरांनी जळगावच्या एका डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली म्हणून. दर गुरुवारी दुपारच्या एस.टी.ने त्या यायच्या. साक्रीकडच्या, पन्नाशीच्या, ठेंगण्या. डॉक्टरांशी बोलताना पुस्तकातलं मराठी आणि आमच्याशी बोलताना अहिराणी. आमची बोली थोडी वेगळी, त्यामुळे पहिल्या दिवशी नलूने त्यांचीही नक्कल केली. सिस्टरांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि दोन चुका काढून दिल्या. त्यांच्या पिशवीत दुखण्यावरचं पातळ औषध असे आणि पत्त्यांचा एक मळका कॅट. औषध आई जपून वापरायची. फार दुखलं तरच द्यावं, नाही तर संपेल, सवय लागेल, असं तिला वाटायचं. पोर हाडं दुखतात म्हणून दात खात पडून राहायची आणि आई बाटलीकडे बघत बसायची. सिस्टरांनी भिंतीवरचं घड्याळ दाखवून सांगितलं, "दुखानी वाट देखानी नही. काटा अठे उना का औषध." म्हणजे दुखो न दुखो, ठरल्या वेळेला द्यायचं. त्या आठवड्यापासून नलू अंगणात येऊन बसायला लागली. बकरीला तिने नाव ठेवलं कलेक्टरीण, कारण ती उगीचच सगळ्यांकडे मान वर करून बघायची.

औषध झालं की सिस्टर खाली सतरंजीवर मांडी घालून बदाम सात मांडायच्या. खेळता खेळता त्या फार काही विचारत नसत. पण तिसऱ्या गुरुवारी मी त्यांना एस.टी.पर्यंत पोचवायला गेले तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "तू आपली बहीणसंगे भांडस का?" मी सांगितलं, नाही, आम्हाला मनाई आहे. त्या हसल्या. म्हणाल्या, "म्हनीसन ती अशी बावरेल शे. घर बदली गयं ना तिनं. आजपासून तुनं काम एकच. रोज एक येळ तिनासंगे भांडानं. चांगलं." मला म्हणजे पडत्या फळाची आज्ञा. महिनाभर दाबून ठेवलेलं सगळं माझ्याजवळ तयारच होतं. घरी येऊन मी नलूला म्हटलं, तुझी ती कलेक्टरीण माझा निळा परकर खाऊन गेली, आणि तू हसत बघत बसलीस, तू एक नंबरची लबाड आहेस. नलू उठून बसली. तिचे डोळे चमकले. तिने मला 'मोसंबीखाऊ' म्हटलं, कारण मी तिच्या पिशवीतल्या दोन मोसंब्या चोरल्या होत्या हे तिने पाहिलं होतं. आम्ही असं भांडलो की सिंधूकाकू भिंतीवरून डोकावल्या. आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि मला मारायला हात उगारला, तर नलूच मध्ये पडली. "आई, राहू दे. मजा येऊ राह्यली." त्या दिवशी ती अख्खी भाकरी जेवली.

आज मी दर गुरुवारी जळगावला एका दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात जाऊन बसते. शाळेतून निवृत्त झाल्यावर हा उद्योग लावून घेतला. तिथे आईबाप मला अभिमानाने सांगतात, आम्ही याला काही म्हणत नाही, मागेल ते देतो. मी त्यांना म्हणते, थोडं रागवा. पसारा केला तर उचलायला लावा. ते माझ्याकडे असं बघतात की या बाईला मूलबाळ नसावं. मला दोन आहेत, आणि दोघंही भरपूर बोलणी खाऊन मोठे झाले.

चैत्र लागला आणि गल्लीत पापडांचे दिवस आले. हे दिवस म्हणजे आमच्याकडे बायकांची जत्राच असते. आज एका घरी, उद्या दुसऱ्या घरी. ज्या घरचे पापड त्या घरी सगळ्या आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जातात. उडदाचं पीठ तेलाचा हात लावून मुसळाने कुटायचं, दोरीसारखं वळून त्याच्या लाट्या तोडायच्या, आणि गप्पांच्या नादात दुपारपर्यंत डोंगर उपसायचा. आम्ही पोरं तेलात बुडवलेल्या कच्च्या लाट्या खाऊन पोट बिघडवून घ्यायचो. पण ज्या घरात माणूस गेलेलं असतं त्या घरात त्या वर्षी पापड करत नाहीत. मग शेजारीपाजारी आणि सोयरे आपल्यातले थोडे थोडे ताटात घालून, वर फडकं झाकून त्या घरी पोचवतात. दोन वर्षांपूर्वी आमचे आबा, भाऊंचे वडील, गेले तेव्हा आमच्याकडे अशी अकरा-बारा ताटं आली होती. नलूने प्रत्येक ताटातला एकेक पापड भाजून खाऊन नंबर लावले होते.

त्या चैत्रात आईने उडीद काढलेच नाहीत. तिचं मन नव्हतं, एवढंच. सिंधूकाकूंनी विचारलं तर म्हणाली, "औंदा नही करत." सिंधूकाकू म्हणजे मायेचा झरा, पण विचार मागाहून करणार. आपले पापड वाळले तसं त्यांनी ताट भरलं, वर पांढरं फडकं टाकलं आणि भर दुपारी आमच्या ओसरीवर आणून ठेवलं. नलू बाजेवर होती. तिने फडकं पाहिलं, ताट पाहिलं.

त्या दिवसापासून ती बोलेना. खाईना. नक्कल नाही, पत्ते नाहीत, कलेक्टरीण दारात येऊन ओरडली तरी तोंड भिंतीकडे. टोपी डोळ्यांवर ओढून पडून राहायची. आई घाबरली; तिला वाटलं, वेळ जवळ आली. भाऊ बागेत जाईनात, नुसते अंगणात येरझारा घालायचे. औषध वेळेवर चाललं होतं, ताप नव्हता, आणि तरी पोर हातातून निसटत होती. जे काही थोडे दिवस तिचे आमच्यात होते तेही ती आमच्याकडे पाठ करून घालवणार, असं दिसायला लागलं. मला तर राग आला. माझं काम मी इमानाने करत होते आणि ही भांडायला उठत नव्हती.

चौथ्या दिवशी मी सिंधूकाकूंच्या ताटातला एक पापड निखाऱ्यावर भाजला, तिच्या उशाशी जाऊन बसले आणि मुद्दाम कुडुमकुडुम वाजवत खायला लागले. वाटलं, निदान तुकडा हिसकेल. तिने टोपी वर केली. "तो नको खाऊ, कुसुम."

"कायले? तुह्या बापाचा हाये?"

"तो मरनाच्या घरचा पापड हाये." मग भिंतीकडे वळून म्हणाली, "माह्याच मरनाचा. अन् मी तर अजून हाये ना घरात."

तो पापड मला गिळता येईना आणि थुंकताही येईना. मी उठून परसात गेले आणि बकरीच्या गळ्याला मिठी मारून रडले. बकरीने माझ्या हातातला उरलेला तुकडा खाऊन टाकला.

नशिबाने दुसरा दिवस गुरुवार होता. मी एस.टी.च्या थांब्यावर तासभर आधी जाऊन उभी राहिले आणि सिस्टर उतरल्या तिथेच त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं त्या धावत घरी जातील आणि सगळं ठीक करतील. त्या रसवंतीवर बसल्या, दोन ग्लास रस मागवला. म्हणाल्या, हे तू आईला सांगायचंस. मी म्हटलं, आई मला मारेल. "मारू दे," त्या म्हणाल्या, "पन ती जितलं इचारी तितलं आईनीच सांगाले पाहिजे. बठ्ठं एकदम सांगानं नही. पन खोटं बी बोलानं नही." घरी पोचल्यावर मी आईला चुलीपाशी सगळं सांगितलं. आईने मला मारलं नाही. ती पिठाचे हात तसेच घेऊन बसून राहिली. मग हात धुतले, तोंड धुतलं, आणि नलूच्या बाजेवर जाऊन बसली. मी सवयीने दाराआड गेले. सिस्टर सतरंजीवर पत्ते पिसत होत्या; त्यांनी मान न वळवता हाक मारली, "दारआड उभी शे तिले बी आत बलावा." तेव्हा मी आत गेले.

आई म्हणाली, "नलू, तुह्या औषधाच्या धावपळीत मले पापडाले टाइम नही भेटला." आणि मग तिला स्वतःलाच ते पटलं नसावं, कारण ती थांबली. म्हणाली, "नही. खोटं सांगू राह्यली मी. माह्यं मनच नही झालं."

"मी मरनार हाये म्हनून?"

आईने सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टर पत्तेच पिसत होत्या. भाऊ दारात येऊन उभे होते. आईने नलूचा हात धरला. "आजार हटत नही आता, नलू. दुखू द्यायचं नही, एवढं आपल्या हातात हाये."

"कधी?"

"मले माहीत नही, माय. डॉक्टरलेबी माहीत नही."

नलूने विचार केला. ती विचार करायची तेव्हा टोपीचा गोंडा तोंडात धरायची. आम्ही सगळे त्या गोंड्याकडे बघत होतो. मग ती म्हणाली, "मंग औंदा डबल पापड कर."

"डबल कायले?"

"पुढच्या साली तुले करता येनार नही ना. अन् लोकाच्या ताटातले कुसुमले नही आवडत. सिंधूकाकूच्या पापडात मिरी कमी राह्यते."

आईला आधी हसू फुटलं आणि मागोमाग रडू, आणि ती दोन्ही आवरेना. भाऊ दारातून वळले आणि कोठीतून उडदाचं पोतं ओढून बाहेर काढायला लागले. आजवर मी कितीतरी शहाणी माणसं पाहिली, पण आपण गेल्यावर घरात काय कमी पडेल याचा इतका रोकडा विचार केलेलं दुसरं कुणी पाहिलं नाही.

पुढच्या सोमवारी पापड झाले. दरवर्षी पाच किलोचे, त्या वर्षी दहा. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका आल्या. सुरुवातीला सगळ्या खाली माना घालून, देवळात बसल्यासारख्या लाटत होत्या. नलूची बाज मधोमध ठेवली होती आणि तिच्या हातात केळीच्या पानाचा दांडा होता. ती मुकादम. तिने दांड्याने सिंधूकाकूंचा पोळपाट वाजवला. "काकू, हा पापड हाये का गुजरातचा नकाशा?" बायका आधी दचकल्या. सिंधूकाकूंना त्या ताटाचं कळलं होतं, आणि चार दिवस त्या आमच्या दाराकडे फिरकल्या नव्हत्या. त्यांनी लाटणं खाली ठेवलं. "नलू, मी काय वाईट मनानं नव्हते आनले वं."

"माहीत हाये मले. पन मिरी कमी व्हती."

"कारटे, जीभ हाये का कातर," असं सिंधूकाकू तोंडातून बोलून गेल्या आणि चपापल्या. नलू खूश झाली. आमच्या घराबाहेरचं कुणीतरी कित्येक महिन्यांनी तिला कारटी म्हणालं होतं. मग काय, सगळ्यांनाच सूर सापडला. भाऊ मुसळ घालत होते, त्यांना बायकांनी जोर कमी पडतो म्हणून चिडवलं. मी तेलातल्या लाट्या नलूला भरवल्या. सिस्टरांना विचारून ठेवलं होतं, त्या म्हणाल्या होत्या खाऊ दे. कलेक्टरीण सुटली आणि एका बाजेवर वाळत घातलेले वीसेक पापड तिने फस्त केले, तेव्हा भाऊंनी तिच्या मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला सुरुवात केली आणि मग मालक कोण ते आठवून गप्प झाले. शेवटी नलूने स्वतः लाटायला घेतले. हातात जोर नव्हता. एकेक पापड तिला फार वेळ लागायचा, कडा जाड, आकार कसलाही. सात लाटले आणि झोपली.

ती त्यानंतर आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, झोका खेळली, बसूनच, मी मागून धरलेला. आमरस-पुरणपोळी खाल्ली. सगळ्यांना जे विचारायचं ते विचारलं. बकरी कुणाला द्यायची ते सांगितलं, टोपी मला दिली आणि मला ती शोभत नाही असंही सांगितलं. नागपंचमी झाल्यावर एका सकाळी, आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती गेली. दुखत नव्हतं. सिस्टर तिथे होत्या. मला दाराआड उभं राहावं लागलं नाही.

पुढच्या चैत्रात आमच्या घरी रिवाजाप्रमाणे ताटं आली. पहिलं पुन्हा सिंधूकाकूंचंच. या वेळी त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या, हातातल्या ताटाचं काय करावं ते त्यांना सुचेना. आईने ताट घेतलं, बाजूला ठेवलं आणि कोठीतला मोठा पत्र्याचा डबा काढला. "आमच्या घरात हायेत पापड," ती म्हणाली. "नलूनं करून ठेवले." आमच्याकडे ताट रिकामं परत देत नाहीत, आईने डब्यातले मूठभर पापड सिंधूकाकूंच्या ताटात घातले. त्यात वरच एक आला. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, खाली शेपूट निघालेलं.

सिंधूकाकूंनी तो उचलून उजेडात धरला. "अन् मले म्हनत व्हती गुजरातचा नकाशा," त्या म्हणाल्या. "हा कोनता मुलूख हाये वं माय?"

आई हसली. नलू गेल्यानंतर ती हसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. मग तिने चुलीतले निखारे पुढे ओढले, तो पापड भाजला, त्याचे तीन तुकडे केले, आणि आम्ही तिघींनी तिथेच बसून खाल्ला. मिरी बरोबर पडली होती.